अपक्ष : चळवळीचा, पैशाचा आणि एकट्याचा

निवडणूक आली की आपल्या भागात एक वाक्य हमखास कानावर पडते : ‘तो काही निवडून यायचा नाही, मते खायला उभा राहिला आहे.’ कधी ते एखाद्या बंडखोराबद्दल असते, कधी चळवळीतल्या कार्यकर्त्याबद्दल आणि अलीकडे बऱ्याचदा एखाद्या धनवान उद्योजकाबद्दल. तिघेही मतदानयंत्रावर ‘अपक्ष’ याच एका शब्दाने येतात. कायद्याच्या लेखी तिघांत फरक नाही. इतिहासाच्या लेखी मात्र फार मोठा आहे, आणि आपल्या कारवार जिल्ह्याला, त्याला लागून असलेल्या बेळगाव-खानापूरला आणि घाटाखालच्या गोव्याला तो जितका जवळून दिसला आहे तितका क्वचितच कुणाला दिसला असेल. या व्याख्यानात तोच फरक आपल्यापुढे मांडायचा आहे.

आधी हिशेब पाहू. आपल्याकडे ज्याला सर्वांत जास्त मते, तो निवडून येतो. निम्म्याहून अधिक मते मिळवण्याची अट नाही. त्यामुळे शंभरातली चाळीस मते घेणारा जिंकतो आणि साठ मते दोघातिघांत वाटली जाऊन वाया जातात. मतविभागणीचा सगळा खेळ या एका नियमातून जन्मतो. गुंदचा मतदार विधानसभेसाठी हल्याळ मतदारसंघात मत देतो. तिथे २०२३ साली रघुनाथ देशपांडे यांनी सुनील हेगडे यांचा ३,६२३ मतांनी पराभव केला. तिसऱ्या क्रमांकावरचे श्रीकांत घोटणेकर अपक्ष नव्हते, जनता दलाचे होते. पण त्यांना मिळालेली मते या फरकाच्या कित्येक पट होती. ते उभे नसते तर ती मते कुणाकडे गेली असती, यावर हल्याळपासून जोयड्यापर्यंत आजही दोन मते आहेत. ती असणारच, कारण तिसऱ्याची मते ही दुसऱ्या कुणाची तरी चोरलेली मते आहेत, हे गृहीतच मुळात तपासून घ्यायला हवे.

सीमाभागातल्या मराठी घरांत ‘अपक्ष’ हा शब्द श्रीमंताशी जोडला गेला नाही. तो समितीशी जोडला गेला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव आणि कारवार हे जिल्हे मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. त्यानंतर महाराष्ट्राने बेळगाव, खानापूर, निपाणीबरोबर कारवार, हल्याळ आणि सुपा या आपल्या भागांवरही हक्क सांगितला. महाजन आयोगापुढे ८१४ गावांची मागणी होती. १९६७ च्या अहवालाने त्यांतली २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत असे म्हटले. बेळगाव शहर आणि आपला मुलूख कर्नाटकातच ठेवला. महाराष्ट्राने तो अहवाल मानला नाही. २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्यात ८६५ गावांचा उल्लेख आहे. या साऱ्या काळात महाराष्ट्र एकीकरण समितीने जे उमेदवार उभे केले ते बहुतेक वेळा कागदोपत्री अपक्ष असत, कारण समिती हा निवडणूक आयोगाचा मान्यताप्राप्त पक्ष नव्हता. पण त्या अपक्षामागे गावोगावचे कार्यकर्ते होते, तालमी होत्या, वाचनालये होती, वर्गणी होती. उमेदवाराचे नाव बदलले तरी मते फारशी हलत नसत. पक्ष नसलेला असा तो पक्षच होता.

या अपक्षाने देशाचा कायदाही बदलायला लावला, ही गोष्ट आपल्यातल्या नव्या पिढीला फारशी ठाऊक नाही. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत सीमाप्रश्नाकडे दिल्लीचे लक्ष वेधण्यासाठी समितीने बेळगावात चारशेहून अधिक अर्ज भरले. एकूण उमेदवार झाले ४५६. त्याच वर्षी आंध्रात नलगोंड्याला ४८० आणि तमिळनाडूत मोडाकुरिची या विधानसभेच्या जागेवर १,०३३ उमेदवार उभे राहिले. तिन्ही ठिकाणी निषेध हेच कारण होते. एवढी नावे मावेल अशी मतपत्रिका छापायची कशी, असा पेच आयोगापुढे पडला. देशभर त्या वर्षी १०,६३५ अपक्ष होते आणि त्यांतले निवडून आले अवघे ९.

सरकारने उपाय केला तो अनामत रकमेचा. लोकसभेसाठी सर्वसाधारण उमेदवाराची ५०० रुपयांची अनामत १०,००० रुपये झाली. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरेसा, अपक्षाला मात्र दहा सूचक हवेत, असा नियम झाला. पुढे लोकसभेची अनामत २५,००० आणि विधानसभेची १०,००० झाली. एकूण वैध मतांच्या एक-षष्ठांशाहून कमी मते पडली तर ही रक्कम जप्त होते. परिणाम लगेच दिसला. १९९८ साली अपक्षांची संख्या १,९१५ वर आली. निवडून आले ६.

हे आकडे नीट पाहा. उभे राहणारे पाचपटीने घटले, निवडून येणारे जवळपास तेवढेच राहिले. चाळणीतून गळाले ते वर्गणी काढून अर्ज भरणारे, निषेध म्हणून उभे राहणारे, आपले म्हणणे मांडण्यापुरती निवडणूक वापरणारे. ज्याच्याकडे पैसा आहे त्याला या चाळणीचा स्पर्शही झाला नाही. आज लोकसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा बहुतेक राज्यांत ९५ लाख रुपये आहे. तेवढा खर्च करू शकणाऱ्याला २५ हजारांच्या अनामतीचे काय भय! गर्दी हटवण्यासाठी केलेल्या नियमाने चळवळीच्या अपक्षाची वाट अरुंद झाली आणि धनवान अपक्षासाठी मैदान मोकळे झाले. हा हेतू कुणाचा नसेल, पण घडले ते असे.

आता या धनवान अपक्षाकडे वळू. त्याचे सर्वांत ठळक जुने उदाहरण मुंबईचे आहे. दक्षिण मुंबईत १९६७ साली जॉर्ज फर्नांडिस यांनी स. का. पाटलांसारख्या बलाढ्य नेत्याला हरवले होते. १९७१ साली त्याच मतदारसंघात उद्योगपती नवल टाटा अपक्ष म्हणून उभे राहिले. शिवसेनेचा त्यांना पाठिंबा होता. घराण्याचे नाव, पैसा, प्रतिष्ठा, कशालाच तोटा नव्हता. तरी इंदिरा गांधींच्या लाटेत काँग्रेसच्या डॉ. कैलास यांनी त्यांना हरवले. त्याच वर्षी राजस्थानात झुनझुनूहून कृष्णकुमार बिर्लाही पडले. ते स्वतंत्र पक्षाचे उमेदवार होते. ‘गरिबी हटाव’च्या त्या निवडणुकीत श्रीमंत उमेदवाराला पक्ष असो वा नसो, मतदाराने नाकारले.

२००९ मध्ये याच दक्षिण मुंबईत एका मोठ्या परदेशी बँकेच्या भारतातील प्रमुख मीरा सन्याल अपक्ष उभ्या राहिल्या. मुंबईवरील हल्ल्यानंतर शिकलेल्या वर्गात राजकारण्यांविषयी जो संताप होता, त्याचा तो उमेदवारीतून निघालेला आवाज होता. वर्तमानपत्रांनी त्यांना भरपूर जागा दिली. मते मिळाली सुमारे दहा हजार. मिलिंद देवरा एक लाखाहून अधिक फरकाने जिंकले. सन्याल यांच्यामुळे मते फुटली, असे तेव्हा पुष्कळांना वाटले. आकडे वेगळेच सांगतात. मनसेचे बाळा नांदगावकर आणि शिवसेनेचे मोहन रावले यांची मते एकत्र केली तर ती देवरांच्या मतांहून जास्त भरतात. खरी फूट मराठी मतांत दोन पक्षांनी पाडली होती आणि चर्चा मात्र एका अपक्ष बाईंची झाली. त्याच निवडणुकीत स्वस्त विमानप्रवासाचे प्रवर्तक कॅप्टन गोपीनाथ बेंगळूरु दक्षिणमधून अपक्ष उभे राहून पराभूत झाले. शहरातल्या चांगल्या नावाचे मतांत रूपांतर व्हायला खाली माणसांची साखळी लागते. ती दोघांजवळही नव्हती.

गोव्याचा अनुभव याच्या उलट आहे आणि म्हणून अधिक शिकवणारा. दयानंद बांदोडकर हे खाणमालक. पैसा त्यांच्याजवळ भरपूर होता. पण १९६३ साली त्यांनी अपक्षाचा मार्ग न धरता महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष उभारला. कूळ, मुंडकार, बहुजन समाज आणि मराठीचा प्रश्न यांभोवती माणसे जोडली. त्या डिसेंबरच्या पहिल्या निवडणुकीत तीसपैकी १४ जागा पक्षाने जिंकल्या आणि मित्रपक्षाच्या दोन जागांसह सरकार बनवले. गोव्यातून काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही. १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या बाजूला १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली, म्हणजे बांदोडकरांचा मुख्य आग्रह लोकांनी नाकारला. आणि दोनच महिन्यांनी त्याच लोकांनी त्यांच्या पक्षाला पुन्हा निवडून दिले. पैशाने उभ्या केलेल्या उमेदवाराच्या बाबतीत असे घडत नाही. मागे विचार आणि संघटना असली तरच मतदार इतका बारीक निवाडा करतो : ही गोष्ट मान्य नाही, पण माणसे आमची आहेत.

चव्वेचाळीस वर्षांनी, २००७ साली, दुसरे एक मोठे खाणउद्योजक अनिल साळगावकर सावर्डे या खाणपट्ट्यातल्या मतदारसंघातून अपक्ष निवडून आले. दोघेही खाणीच्या पैशातून राजकारणात आलेले. पण मधल्या काळात काय बदलले? पहिल्याने पैशातून पक्ष उभारला. दुसऱ्याला पक्षाची गरजच उरली नाही, कारण चीनच्या मागणीने लोहखनिजाचे भाव चढले होते आणि खाणपट्ट्यात ट्रक, बार्ज, नोकरी, सगळे त्या एकाच धंद्याभोवती फिरत होते. जिथे रोजगार देणारा आणि मत मागणारा एकच असतो, तिथे अपक्षाला संघटना आयतीच मिळते. २०१२ मध्ये शहा आयोगाचा अहवाल आला, गोव्यातल्या खाणी बंद झाल्या आणि त्या साऱ्या व्यवहाराचा पाया किती ठिसूळ होता ते कळले.

खनिजाचा हाच पैसा आपल्या जिल्ह्यातही उतरला. बळ्ळारी-होसपेटहून निघालेले लोहखनिज अंकोल्याजवळच्या बेलेकेरी बंदरातून परदेशी जाई. २००८ साली कर्नाटकात भाजपला २२४ पैकी ११० जागा मिळाल्या; बहुमताला तीन कमी. सहा अपक्ष आमदार निवडून आले होते. त्यांना सोबत घेऊन सरकार झाले आणि त्यांतले पाच मंत्री झाले. सरकार भक्कम करण्यासाठी इतर पक्षांच्या आमदारांनी राजीनामे द्यायचे आणि भाजपच्या तिकिटावर पुन्हा निवडून यायचे, असा प्रकार सुरू झाला. त्याला लोकांनी ‘ऑपरेशन कमळ’ हे नाव दिले. कारवारचे तेव्हाचे काँग्रेस आमदार आनंद आस्नोटीकर त्यांतलेच. वर्षअखेरच्या पोटनिवडणुकीत ते भाजपकडून निवडून आले.

इथे कायद्याची एक खुबी समजून घ्यायला हवी. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानुसार अपक्ष म्हणून निवडून आलेल्या आमदाराने नंतर एखाद्या पक्षात प्रवेश केला तर त्याचे पद जाते. पण बाहेरून पाठिंबा देऊन मंत्री झाला तर तेवढ्याने तो त्या पक्षात गेला असे ठरत नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये विधानसभाध्यक्षांनी या पाच अपक्षांना अपात्र ठरवले. मे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. न्याय योग्यच झाला, पण त्यातून एक गोष्ट उघड झाली. त्रिशंकू विधानसभेत अपक्षाइतका मोकळा आमदार दुसरा कुणी नसतो, आणि म्हणून त्याच्याइतका मोलाचाही दुसरा कुणी नसतो. पक्षाच्या आमदाराला पक्षादेशाची भीती असते. अपक्षाला आदेश देणारा कुणी नाही. त्याचा निर्णय त्याचा एकट्याचा.

२०१३ साली कारवारमधून सतीश सैल अपक्ष निवडून आले. ते खनिज निर्यातीच्या धंद्यातले उद्योजक होते. भाजपचे आस्नोटीकर यांना त्यांनी मोठ्या फरकाने हरवले. त्याच सप्टेंबरात बेलेकेरी प्रकरणात सीबीआयने त्यांना अटक केली. २०१८ मध्ये ते काँग्रेसचे अधिकृत उमेदवार होते, आस्नोटीकर जनता दलात गेले होते आणि दोघांत मते वाटली जाऊन भाजपच्या रूपाली नाईक निवडून आल्या. सैल आणि आस्नोटीकर यांच्या मतांची बेरीज विजयी उमेदवारापेक्षा बरीच मोठी होती. २०२३ मध्ये सैल काँग्रेसकडून अगदी थोड्या फरकाने पुन्हा जिंकले. ऑक्टोबर २०२४ मध्ये विशेष न्यायालयाने बेलेकेरी प्रकरणात त्यांना सात वर्षांची शिक्षा सुनावली. त्यांनी अपील केले आणि उच्च न्यायालयाने शिक्षा स्थगित केली. न्यायालयाचे काम न्यायालय करील. आपण पाहायचे ते एवढेच, की दहा वर्षांत एकाच मतदारसंघात तेच दोन चेहरे वेगवेगळ्या खुणांखाली मतदारापुढे आले. अपक्ष हे त्यांतले एक वळण होते.

धनवान अपक्षाची आणखी एक वाट आहे, तिथे मतदार भेटतच नाही. राज्यसभा. विजय मल्ल्या २००२ आणि २०१० साली कर्नाटकातून, अनिल अंबानी २००४ साली उत्तर प्रदेशातून आणि राहुल बजाज २००६ साली महाराष्ट्रातून अपक्ष म्हणून निवडून गेले. बजाजांना राष्ट्रवादी, भाजप आणि शिवसेना या परस्परांच्या विरोधकांनी मिळून मते दिली आणि काँग्रेसचे अविनाश पांडे पडले. अपक्ष म्हणजे कुणाचाच नाही, असा शब्दार्थ. इथे त्याचा अर्थ सर्वांचा थोडा थोडा, असा झाला.

मतविभागणीचा दोष मात्र श्रीमंताला लागतो तितकाच, किंबहुना जास्त, चळवळीच्या अपक्षाला लागतो. एप्रिल २०२१ च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत भाजपच्या मंगला अंगडी यांनी काँग्रेसचे सतीश जारकीहोळी यांना ५,२४० मतांनी हरवले. समितीचा पाठिंबा असलेले तरुण उमेदवार शुभम शेळके यांना १,१७,००० हून अधिक मते पडली. लगेच दोन्हीकडून हिशेब सुरू झाले : ही मते खरी भाजपची की काँग्रेसची? ती समितीची होती, हे म्हणायला फारसे कुणी तयार नव्हते. अमेरिकेत १९९२ साली टेक्ससचे अब्जाधीश रॉस पेरो अध्यक्षपदासाठी स्वतःच्या पैशावर अपक्ष उभे राहिले आणि त्यांनी जवळपास १९ टक्के मते घेतली. बुश हरले, क्लिंटन जिंकले आणि पेरोंनी बुश यांची मते खाल्ली असा समज तिथे रूढ झाला. मतदानकेंद्राबाहेरच्या पाहणीत मात्र पेरोंचे मतदार दुसरी पसंती म्हणून दोघांत जवळजवळ समसमान वाटलेले आढळले. बाकीच्यांनी तर मतच दिले नसते. मत ही कुणाची वडिलोपार्जित जमीन नव्हे, की तिसरा आला आणि त्यात अतिक्रमण झाले.

खरे नुकसान होते ते घरातल्या फुटीने, आणि ते आपण शेजारी खानापुरात पाहिले. २०१८ साली समितीच्या दोन गटांचे दोन उमेदवार, अरविंद पाटील आणि विलास बेळगावकर, समोरासमोर उभे राहिले. दोघांच्या मतांची बेरीज विजयी झालेल्या काँग्रेसच्या अंजली निंबाळकर यांच्यापेक्षा अधिक होती. त्या वर्षी समितीचा एकही आमदार निवडून आला नाही. त्याला कुणी उद्योगपती कारण नव्हता.

आता तिसरा अपक्ष, एकट्याचा. १९६७ साली कारवार जिल्ह्याने लोकसभेवर दिनकर देसाई यांना अपक्ष म्हणून पाठवले. अंकोला तालुक्यातला हा कन्नड कवी मुंबईत भारत सेवक समाजाचे काम करत होता. खलाशांची संघटना बांधली, आपल्या जिल्ह्यातल्या कुळांच्या लढ्यासाठी तडीपारी सोसली, १९५३ मध्ये कॅनरा वेल्फेअर ट्रस्ट स्थापून खेड्यांत शाळा काढल्या. त्यांच्याकडे पैसा नव्हता, पक्ष नव्हता; पंचवीस-तीस वर्षांचे काम होते. १९८९ साली कैगा अणुप्रकल्पाच्या विरोधात शिवराम कारंत याच जिल्ह्यातून लोकसभेला उभे राहिले. ते हरले, देवराय नाईक निवडून आले. कैगा इथून लांब नाही, आणि सुप्याचे धरण ज्यांच्या घरांवरून गेले त्या लोकांना कारंतांचा प्रश्न कळत होता. त्यांनी कुणाची मते खाल्ली, असे कुणी म्हटले नाही. त्यांनी एक प्रश्न मतपत्रिकेवर छापून घेतला.

वाचकहो, जोयडा तालुक्यातली मते थोडी आहेत, मतदारसंघ लांबरुंद आहे आणि मराठी घरे त्यात विखुरलेली आहेत. अशा ठिकाणी ‘मत वाया घालवू नका’ हा उपदेश सर्वांत आधी आपल्यालाच केला जातो. तो ऐकताना हा सारा इतिहास मनाशी असू द्यावा. उमेदवार श्रीमंत आहे म्हणून तो वाईट ठरत नाही. बांदोडकरही श्रीमंतच होते. उमेदवार पडणार आहे म्हणून त्याला दिलेले मत फुकट जात नाही. अपक्षाला विचारायचे ते वेगळेच : अर्ज भरण्याआधीची दहा वर्षे आपण कुठे होता, आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी कुणाच्या दारात उभे असाल? दिनकर देसाईंना पहिला प्रश्न विचारण्याची गरज पडली नाही. मोठ्या पैशाच्या अपक्षाला दुसरा प्रश्न विचारायला आपण नेहमीच विसरलो.